पाचवा उद्गार

पंचवीस मार्च, सोमवार. सकाळचे सहा वाजले होते आणि मी वजनकाटा शून्यावर आणत होते.

डायलिसिस युनिटमध्ये दिवसाची सुरुवात मशीनने होत नाही, काट्याने होते. ज्याची किडनी काम करत नाही, त्याला लघवी जवळजवळ होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच साठतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, इतका साधा हिशेब आहे. आम्ही चार तास मशीन लावून ते पाणी आणि रक्तातली घाण काढतो. जादाचं पाणी काढल्यावर उरतं ते ‘ड्राय वेट’. दोन डायलिसिसच्या मध्ये त्यावर दोन-सव्वादोन किलो चढले तर चालतं. जास्त चढले तर चार तासांत तेवढं पाणी ओढताना बीपी पडतं, पायांत गोळे येतात आणि हृदयाला त्रास होतो. नाही ओढलं तर पाणी फुप्फुसात जातं. म्हणून आधी काटा.

त्या दिवशी धुळवड होती. पालघरात एक रिक्षा दिसत नव्हती. पालघरजवळच्या माहीम गावातल्या हिराबाई मुलाच्या टेम्पोतून आल्या, कपाळाला गुलाल लावून. भास्करमामा बोईसरहून शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आले. दारापासून काट्यापर्यंतच्या पंधरा पावलांत त्यांना दोनदा थांबावं लागलं.

काट्याने एकोणसाठ किलो चारशे दाखवलं. मामांचं ड्राय वेट होतं चोपन्न.

“मामा, पाच किलो चारशे.”

“काटा बिघडला असेल.”

“आत्ताच शून्यावर आणलाय. हिराबाई याच काट्यावर दोन किलोवर आहेत.”

“माजं नाव नको घेऊ गो मधी,” हिराबाई बेडवरून म्हणाल्या. “मी आठ दीस सुकट नाय खाल्ली. घरात सुकटीच्या गोनी, आनि मी वास घेत बसते.”

मामा हसले नाहीत. एरवी हसत.

भास्करमामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, माझ्या वयाच्या सगळ्यांचे ते मामा. माझे वडील आणि ते एकाच वेळी नगरकडून बोईसरला आले. तारापूर एमआयडीसीत कारखाने उभे राहत होते, फिटर-वेल्डर लोकांना मागणी होती. मामा तार ओढण्याच्या कारखान्यात फिटर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आठवडाभर ग्रीसमध्ये हात, आणि रविवारी पांढरा शर्ट घालून आम्हा मुलांची संडे स्कूल. तेव्हा आम्हाला चर्चची इमारत नव्हती. एका मालकाने जुनी पॅकिंग शेड रविवारपुरती दिली होती. आम्ही लाकडी खोक्यांवर बसायचो. उठलं की फ्रॉकला कुसळं लागलेली असायची. लाकडाच्या भुशाचा वास आला की मला अजून प्रार्थनाच आठवते.

त्या शेडमधला माणूस चाळीस वर्षांनी माझ्या तीन नंबरच्या बेडवर झोपत होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठ महिने झाले होते.

त्यांच्याशी माझा रोजचा वाद शर्टावरून. डायलिसिससाठी हातातली एक धमनी आणि एक शीर ऑपरेशन करून जोडतात. तिला फिस्टुला म्हणतात. ती जागा फुगते, आणि वर बोट ठेवलं तर आतून थरथर जाणवते. ती थरथर चालू म्हणजे पेशंटची लाइफलाइन चालू. त्या हातावर घट्ट काही नको, घड्याळसुद्धा नको. मामा मात्र भर मार्चमध्ये पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मनगटाचं बटण लावून येत. मी आल्या आल्या ते उघडायची. जाताना ते पुन्हा लावायचे. “बोचतं का काही उघडं राहिलं तर?” असं एकदा चिडून विचारलं होतं. ते म्हणाले, “सवय आहे.” मी पुढे विचारलं नाही. तिथे चुकले.

त्या सोमवारी अडीच तास झाले आणि मामांचं बीपी नव्वदवर आलं. पाठोपाठ पोटरीत गोळे. मी पाणी ओढण्याचा वेग कमी केला, पाय वर केले. माझ्या हेल्परताईंनी पोटऱ्या दाबून धरल्या. मामांनी तोंडातून आवाज काढला नाही, फक्त बेडची कड पकडली. तीन किलोच्या वर काही निघालं नाही. जवळजवळ अडीच किलो अंगात ठेवूनच मशीन बंद करावं लागलं.

डॉक्टरांना फोन लावला. आमचे किडनीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकी सगळं फोनवर.

“विजयाबाई, हे महिनाभर चाललंय. घरी पाणी कोण देतं?”

“मामी बाटलीने मोजून देतात. दिवसाला सातशे एमएल.”

“मग मामी खोटं बोलतायत, नाहीतर ते.”

“दोघंही तशी नाहीत, सर.”

“काटा खोटं बोलत नाही. उद्या एक्स्ट्रा डायलिसिसला बोलवा. नाही आले तर एक दिवस श्वास कोंडलेल्या अवस्थेतच आणावं लागेल.”

मी मामांना सांगायला गेले. ते शर्टाचं बटण लावत बसले होते.

“विजू, उद्या येणार नाही.”

“बरं, बुधवारी लवकर या.”

“बुधवारीही नाही. बस झालं आता.”

आमच्या कामात हे वाक्य वर्षातून तीन-चार वेळा ऐकू येतं. त्यावर रडायचं नसतं आणि रागवायचंही नसतं. मी स्टूल ओढलं आणि जे सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. डायलिसिस थांबवलं तर आठ-दहा दिवस. तुमच्या अंगात आज जेवढं पाणी आहे ते बघता कमीच. आणि ते दिवस सोपे नसतात, बुडणाऱ्या माणसासारखा दम लागतो.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पाळकसाहेबांना कळवलंय, या वर्षी पाचवा उद्गार दुसऱ्या कुणाला द्या.”

डायलिसिस नको म्हणाले तेव्हा मी स्टूलवर नीट बसले होते. हे ऐकून मात्र मला उठावं लागलं.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगते. गुड फ्रायडेला, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिलं त्या दिवशी, दुपारी बारा ते तीन अशी आमची उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचवा उद्गार सर्वांत लहान. तो तहानेचा आहे. रक्त जाऊन जाऊन घसा कोरडा पडला तेव्हा प्रभूने तहान लागल्याचं सांगितलं, एवढाच. आमच्या मंडळीत हा उद्गार मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून भास्करमामांचा. पाळक बदलले, शेड गेली, चर्च बांधलं. पाचवा मामांचाच राहिला.

मी स्वतः त्यांचं ते बोलणं बऱ्याच वर्षांत ऐकलेलं नव्हतं. नवरा गेला त्यानंतर मी फक्त नाताळला जायची. भांडण कोणाशी नव्हतं. रविवारची ऑन-कॉल ड्युटी मी मागून घ्यायची, आणि गुड फ्रायडेला युनिट चालूच असतं.

मंगळवारी मामा आले नाहीत. दोन शिफ्टच्या मधल्या वेळात मी त्यांचं रजिस्टर काढलं. माझी सवय अशी आहे की माणसाचं ऐकण्याआधी आकडे वाचायचे. ऑगस्टपासून जानेवारीअखेर वजनातली वाढ दोन किलो, दोन शंभर, दोन तीनशे. शिस्तीचा माणूस. मग फेब्रुवारीच्या मध्यापासून एकदम साडेतीन. मग चार. मार्चमध्ये साडेचार. उन्हाळ्यामुळे म्हणावं तर फेब्रुवारीत बोईसरला पहाटे स्वेटर घालतात. औषध बदललेलं नव्हतं, शुगर नव्हती. चौदा फेब्रुवारीनंतर काहीतरी झालं होतं आणि ते मला दिसत नव्हतं.

संध्याकाळी ड्युटी संपल्यावर स्कूटर घरी न नेता मामांच्या खोलीवर नेली. मार्थामामी एकट्याच होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी बाटली आणून समोर ठेवली. प्लास्टिकची बाटली, तिच्यावर मार्करने आखलेल्या सात रेघा.

“बघ. सकाळी भरते, या रेघेपर्यंत. आमटीची वाटीसुद्धा यातच धरते. एक थेंब जास्त देत नाही गं मी. तुमचे डॉक्टर मला चोर ठरवतात.”

“मामा कुठे गेले?”

“कुठे म्हणजे? लेंट चालू आहे ना. प्रार्थनासभेला गेलेत. आज दोन घरं आहेत.”

मी खाली बसले. चौदा फेब्रुवारी, राखेचा बुधवार. तिथून लेंट सुरू होतो, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आमच्यात त्या दिवसांत रोज संध्याकाळी घरोघर प्रार्थना असते. पाळकसाहेब एका बाजूला जातात, पंच लोक दुसऱ्या बाजूला. पंच म्हणजे मंडळीतले जबाबदार वडीलधारे. मामा तीस वर्षं पंच होते. हे सगळं मला पाठ होतं. पण मी जात नव्हते, म्हणून सुचलं नाही.

तीन गल्ल्या पलीकडे घर होतं. बाहेर पंधरा-वीस चपला. मी दाराशी बसले. मला बघून दोघी-तिघींनी भुवया उंचावल्या, जागा केली. मामा भिंतीला टेकून प्रार्थना करत होते. आवाज बारीक झाला होता, दर वाक्यानंतर श्वास घेत होते. घरातल्या मुलीच्या बाळंतपणासाठी, नोकरी गेलेल्या जावयासाठी, समोरच्या गल्लीतल्या आजारी बाईसाठी, सगळ्यांची नावं घेऊन. स्वतःचं नाव कुठे नव्हतं.

आमेन झालं आणि ट्रे आला. चहा, चिवडा, पाणी.

“नको, आत्ताच झाला,” मामा म्हणाले.

“असं कसं मामा? आमच्या घरचा चहा गोड लागत नाही वाटतं?” ही शांताआत्या, त्या घरातली म्हातारी. आवाज गल्लीच्या टोकाला जाणारा.

मामांनी पेला घेतला, पाणी प्यायले. मग कप घेतला, चहा प्यायले. चिवड्याची मूठ तोंडात टाकली. खारट चिवडा, म्हणजे पुढच्या पाण्याची सोय. पुढच्या घरी पुन्हा पाणी, चहा आणि वर लिंबाचं सरबत.

बाहेरच्या माणसाला वाटेल, नाही म्हणायला काय झालं? पण आमच्यात ते इतकं सोपं नाही. आमच्या आज्या-पणज्यांच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नसे. ते पाणी पहिल्यांदा कोणी घेतलं असेल तर ते मंडळीच्या माणसाने. म्हणून प्रार्थनेला आलेला पंच पाण्याला तोंड न लावता उठला, तर घर रात्रभर जागं राहतं, की आमच्यात काय खोट दिसली? हे कोणी बोलून दाखवत नाही. मामा पाणी नाकारू शकले नसते, आणि पाजणाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं.

कारण मामांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पाळकसाहेब सोडले तर साऱ्या मंडळीला एवढंच माहीत होतं की मामा पालघरला ‘ट्रीटमेंटला’ जातात. कसली, ते नाही. पूर्ण बाह्या आणि मनगटाचं बटण मला तेव्हा कळलं.

घरी परतताना मी स्कूटर हातात धरून त्यांच्याबरोबर चालत निघाले. कारखान्यांची शिफ्ट सुटली होती, रस्त्यावर सायकली आणि डबे. हवेत नेहमीचा आंबट वास.

“मामा, आज किती प्यायलात?”

“मोजलं नाही.”

“मी मोजलं. दोन पेले पाणी, दोन कप चहा, एक ग्लास सरबत. पाऊण लिटर. दिवसाचा सगळा कोटा या दोन घरांत संपला. मामींची बाटली त्याशिवाय.”

ते चालत राहिले.

“सांगून टाका ना लोकांना.”

“काय सांगू? आजाऱ्यांच्या घरी मलाच पाठवतात. माझ्या प्रार्थनेने कुणाला उतार पडला की माझं नाव घेतात. आणि माझंच हे असं. लोक म्हणतील, याचं देव ऐकत नाही, आमच्यासाठी काय मागणार?”

“म्हणून मरायचं?”

“मरणाचं काही वाटत नाही मला.” ते थांबले, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. “लाज वाटते. विजू, मला तहान लागते. उठता-बसता दुसरं काही सुचत नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की पाण्याचा पेला दिसतो. ट्रे आला की मी वरून नको म्हणतो आणि आतून वाट बघतो की कोणी आग्रह करावा. खरं सांगतो. असा माणूस पाचव्या उद्गारावर कुठल्या तोंडाने उभा राहील?”

मला उपदेश करता येत नाही. बायबलही मी त्यांच्याइतकं वाचलेलं नाही. मला फक्त एक पेला आठवला.

“मामा, तो जर्मनचा पेला आहे का अजून?”

“कुठला?”

“शेडमधला. गुड फ्रायडेच्या आदल्या रविवारी तुम्ही तो भरून मधल्या खोक्यावर ठेवायचात. पत्र्याखाली आम्ही भाजत असायचो. गोष्ट संपेपर्यंत कोणी प्यायचं नाही, असा नियम. गोष्ट संपली की विचारायचात, कोणाला तहान लागली आहे?”

ते माझ्याकडे बघू लागले.

“कोणीच हात वर करायचं नाही. सगळ्यांना चांगलं दिसायचं असायचं. मग तुम्ही ओरडायचात, लबाड आहात सगळे! प्रभूने वधस्तंभावरून, शिपायांसमोर, थट्टा करणाऱ्यांसमोर सांगितलं तहान लागली म्हणून. त्याला लाज वाटली नाही. तुम्हाला कसली लाज?”

“हात वर करील त्याला पहिला घोट,” मामा हळूच म्हणाले.

“हो.”

“पहिला हात तुझा होता. सहा-सात वर्षांची असशील. बाकीची पोरं तुला हसली.”

“हसली. पण पाणी मला मिळालं.”

ते पायरीवर बसून राहिले. स्कूटर स्टँडवर लावली नव्हती, हात भरून आला.

शेवटी मी म्हटलं, “उद्या सकाळी सहाला काटा शून्यावर असेल. तुमचा बेड मी कोणाला देणार नाही.” आणि त्यांना घरापर्यंत सोडून निघाले.

बुधवारी साडेसहापर्यंत तीन नंबर रिकामा होता. मी हिराबाईंना सुई लावत होते.

“मामा नाय आला?”

“येतील.”

“तू दाराकडं बगून सुई नको टोचू मना. हात माजा हाय.”

पावणेसातला मामा आले. मार्थामामींच्या खांद्यावर हात, श्वास चढलेला, पण आले. वजनाचं काही न बोलता मी ते लिहून घेतलं. मंगळवारचं सगळं पाणी त्यात होतंच. शर्टाचं बटण उघडायला गेले, तर ते आधीच उघडं होतं. वेळ पाच तास केला आणि हळूहळू पाणी काढलं. बीपी टिकलं. मध्येच त्यांनी कागद मागितला. मी एका जुन्या चार्टची कोरी बाजू दिली. छातीवर पॅड टेकवून उजव्या हाताने ते लिहीत बसले.

हिराबाईंना राहवेना. “काय लिवता? मृत्युपत्र?”

“नाही हो. चर्चमध्ये बोलायचंय. तहानेवर.”

“तहानेवर तर मी बोलते, मना न्या. आमी दर्याच्या काठाव रावतो, चारी बाजूला पानी, नि मॅडम पेलाभर देत नाय.” मग जरा थांबून, “कोनाची तहान?”

मामांनी त्यांना सांगितलं. सकाळपासूनची मारहाण, उन्हात चढवलेला खांब, खिळे, आणि मग तहान. हिराबाई नीट ऐकत होत्या.

“देव पन तहानला?”

“तहानला.”

“नि बोलला तसं, सगल्यांसमोर?”

“बोलला.”

“मंग दिलं का कोनी पानी?”

“आंबट द्राक्षरस दिला. बोळा भिजवून, काठीला लावून, ओठांना.”

“म्हनजे मॅडम आमाला लिंबाची फोड देते तसं,” हिराबाई म्हणाल्या आणि समाधानाने डोळे मिटून घेतले. तहान भागवायला आम्ही पेशंटना लिंबाची फोड चोखायला देतो. मी वीस वर्षं देते आहे. माझ्या मनात हे कधी आलं नव्हतं. मामांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

गुरुवारी मी डॉक्टरांना फोन केला.

“सर, उद्या साडेअकरानंतर सुट्टी पाहिजे.”

“तुम्हाला? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. चर्चला जायचंय.”

“नाताळ तर झाला.”

“हे दुसरं आहे, सर.”

शुक्रवारी मामांना मी सहाच्या आधीच मशीनवर घेतलं. साडेदहाला सुया काढल्या, दाबून पट्टी लावली, बोट ठेवून थरथर तपासली. मार्थामामींनी पिशवीतून इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. अर्ध्या बाह्यांचा.

चर्च भरलं होतं. पंखे गरम हवा फिरवत होते. पहिले चार उद्गार झाले. पाचव्याला मामा उठले. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यासारखा असतो. ते व्यासपीठाची कड धरून उभे राहिले. डाव्या हातावर फुगलेली शीर आणि दोन ताज्या पट्ट्या, शेवटच्या बाकावरून मलाही दिसत होत्या.

दर वर्षी ते पंधरा मिनिटं बोलत. त्या दिवशी पाच मिनिटंही नाही. माझ्या दोन्ही किडन्या बंद आहेत, म्हणाले. आठवड्यातून तीनदा मला मशीनवर ठेवतात, म्हणून मी जिवंत आहे. आठ महिने तुमच्यापासून लपवलं. प्रार्थनेत तुमचं सगळं मागितलं, माझं मागायची लाज वाटली. मला आत्ताही तहान लागली आहे. मला वाटायचं, विश्वास खरा असेल तर तहान लागू नये. पण ज्याच्यावर माझा विश्वास आहे, त्यालाच लागली होती. त्याने ती वैऱ्यांसमोर सांगितली, आणि मला माझ्या माणसांसमोर सांगता आली नाही. तो जिथे तहानला तिथे मी एकटा नाही, एवढं मला या आठवड्यात कळलं, आणि तेवढ्यावर मी पुन्हा मशीनवर जाऊन झोपलो.

मग म्हणाले, “तुमच्या घरी मी येणार. प्रार्थना करणार. तुमच्या घरचं पाणी मी नाकारणार नाही. पण मला पेला देऊ नका. एक चमचा द्या. एकच.”

आणि जाऊन बसले. सहावा उद्गार ज्यांच्याकडे होता, त्यांना सुरुवात करायला बराच वेळ लागला.

तीन वाजता उपासना संपली. शांताआत्या गर्दी कापत आल्या. “आठ महिने! नि मी मेली तुला बळेबळे चहा पाजत होते? तोंड नव्हतं का तुला?” आणि पदर डोळ्यांना लावून त्यांच्या पाठीत एक हलका धपका घातला. संडे स्कूलच्या पोरांना शिरेतली थरथर बघायची होती. मामा हात पुढे करून बाकावर बसले आणि पोरं रांगेने एकेक बोट ठेवत होती. “मोबाइल व्हायब्रेट होतो तसं!” एक मुलगी ओरडली. मी मध्ये पडून सांगितलं, आधी हात धुऊन या. सगळी धावली.

पुढचं थोडक्यात. ईस्टरनंतरच्या सोमवारी मामांचं वजन दोन किलो दोनशे वाढलेलं होतं. तीन दिवसांच्या गॅपनंतर हे उत्तम. डॉक्टरांनी विचारलं, औषध बदललं का? मी म्हटलं, नाही, चमचा आणला. त्यांना ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. मंडळीत प्रत्येक घरी प्रार्थनेच्या ट्रेमध्ये एक चमचा येऊ लागला. कोणी स्टीलचा, शांताआत्यांचा चांदीचा. मामा तो दोन्ही हातांनी घ्यायचे.

डायलिसिसने किडनी बरी होत नाही. मरणाचा दिवस फक्त पुढे ढकलला जातो. मामांना आणखी एक गुड फ्रायडे मिळाला आणि पाचवा उद्गार त्यांनीच घेतला. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले, हृदयाने. वजन त्या दिवशीही बरोबर होतं. आता माझ्या युनिटमध्ये नव्या टेक्निशियन येतात, त्यांना मी एक गोष्ट शिकवते. पेशंट किती पाणी पितो, हे सगळेच विचारतात. तो कोणाच्या घरी पितो आणि तिथे नाही का म्हणू शकत नाही, तेही विचारा. काटा खोटं बोलत नाही हे खरं, पण तो स्वतःहून काही सांगतही नाही.

हे सगळं नंतरचं. त्या गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी नेहमीप्रमाणे सहाला युनिटमध्ये आले. रजिस्टरमध्ये पट्टीने एक नवा रकाना आखला, वर लिहिलं, ‘बाहेरचं चहापाणी’. मग भिंतीवरच्या ड्युटी चार्टकडे गेले. उद्याच्या रविवारी ऑन-कॉलपुढे माझं नाव होतं. सोबतच्या टेक्निशियनला फोन लावला. ती झोपेत म्हणाली, “मॅडम, तुम्ही रविवार सोडताय?” मी म्हटलं, हो, ईस्टर आहे, प्रभू पुन्हा उठला तो दिवस, पहाटे पाचला उपासना आहे. माझं नाव खोडून तिचं लिहिलं. काटा शून्यावर आणला आणि पहिल्या पेशंटला हाक मारली.